मुलीच्या मनगटावरची गाठ

आमच्या मुलीच्या, शाल्मलीच्या, उजव्या मनगटाच्या वरच्या बाजूला, घड्याळाची तबकडी येते त्याच्या जरा पुढे, हरभऱ्याएवढी एक गाठ आहे हे आम्हाला गेल्या आषाढात कळले, आणि तेही तिच्या आजीमुळे कळले. शाल्मली आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते आणि दोरीच्या मल्लखांबाला जाते. तालमीतून आली की तिचे तळहात सोलवटलेले असतात, म्हणून माझी आई रात्री तिच्या हातांना खोबरेल तेल चोळते. त्या चोळण्यात ती गाठ आईच्या अंगठ्याखाली आली. हात सरळ असताना ती जवळजवळ दिसत नव्हती. तळहात आत घेऊन मनगट वाकवले की मात्र कातडीखाली गोल, टणक उंचवटा वर येत असे. कातडीचा रंग नेहमीसारखाच होता, हाताला गरम लागत नव्हते आणि दाबल्यावर मुलगी फारशी कुरकुरतही नव्हती. "कधीपासून आहे गं हे?" असे विचारल्यावर "माहीत नाही, आधीपासून असेल," असे उत्तर मिळाले. आठ वर्षांच्या मुलांकडून अशा बाबतीत यापेक्षा नेमके उत्तर मिळत नाही, आणि पुढे प्रत्येक डॉक्टरांनी हाच प्रश्न आम्हाला विचारला.

त्याच रात्री घरात निदाने सुरू झाली. आईच्या मते ते मल्लखांबावरून पडून झालेले टेंगूळ होते, मुका मार आत राहिला होता आणि आंबेहळद व रक्तचंदन उगाळून लावले की आठ दिवसांत बसणार होते. शेजारच्या काकूंनी हात पाहून ही रसोळी असल्याचे सांगितले आणि पंचवटीतल्या एका हाडवैद्यांचे नाव सुचवले, जे म्हणे नुसत्या अंगठ्याने दाबून अशी गाठ जिरवतात. निफाडहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंपणाशी खेळताना नातीच्या हातात मोडलेला बाभळीचा काटा आठवला. माझी पत्नी यातले काहीच बोलली नाही. मुलगी झोपल्यावर ती फोनवर काय वाचत बसली होती हे मला न पाहताही समजले, कारण मीही माझ्या फोनवर तेच वाचत होतो. लहान मुलाच्या अंगावर गाठ म्हटले की आईवडिलांच्या मनात सर्वांत आधी येणारा शब्द एकच असतो आणि तो घरात कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. आमच्याकडे एखाद्या जॉबविषयी, म्हणजे तयार होत असलेल्या सुट्या भागाविषयी, शंका आली की तो लगेच भंगारात टाकत नाहीत आणि तसाच पुढेही सोडत नाहीत. होल्डवर ठेवतात, मोजतात, नोंद करतात आणि मगच निर्णय घेतात. मुलीच्या हाताच्या बाबतीत एवढ्या थंड डोक्याने वागणे सोपे नव्हते, पण लेप लावायचा नाही, चोळायचे नाही, कोणी अंगठ्याने दाबायचे नाही आणि आधी ते काय आहे हे कळेपर्यंत कोणताही उपाय करायचा नाही, एवढे मात्र आम्ही दोघांनी ठरवले. आईला ते पटले नाही. रक्तचंदनाने कोणाचे काही बिघडल्याचे तिने कधी ऐकले नव्हते.

कॉलेज रोडवरचे आमचे बालरोगतज्ज्ञ शाल्मलीला जन्मापासून ओळखतात. त्यांनी गाठीकडे पाहण्याआधी मुलीकडेच बराच वेळ पाहिले: वजन, उंची, जुन्या फाइलमधला वाढीचा आलेख, ताप, भूक, झोप. सकाळी उठल्यावर बोटे किंवा गुडघे आखडतात का, रात्री दुखण्याने जाग येते का, घरात किंवा नात्यात कोणाला क्षय झाला होता का, अंगावर आणखी कुठे अशी गाठ आहे का, असे प्रश्न त्यांनी विचारले. मग दोन्ही मनगटे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, कोपराच्या आतल्या बाजूला आणि काखेत चाचपले, दोन्ही गुडघ्यांच्या मागेही बोटे फिरवली. मनगटे रुंद झाली आहेत का, हे ते मुद्दाम पाहत होते; ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या मुडदुसात मुलांची मनगटे जाड दिसू लागतात आणि आईबापांना तीही गाठच वाटते. पण मुडदूस एकाच हाताला होत नाही. शेवटी त्यांनी ही बहुधा गँग्लिअन, म्हणजे सांध्याजवळ येणारी द्रवाची गाठ, असावी, घाईचे काही नाही, पण एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, असे सांगितले. चिठ्ठीवर कोणतेही औषध नव्हते. बाहेर आल्यावर पत्नी म्हणाली, "काहीतरी तरी लिहून द्यायला हवे होते." तिचे म्हणणे मला समजत होते, रिकामी चिठ्ठी हातात घेऊन घरी जाण्याची आपल्याला सवय नसते.

त्यानंतर आम्ही ज्या रुग्णालयात गेलो त्याचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. तिथल्या सर्जननी मुलीचा हात उचलला, गाठ एकदा दाबली आणि सोमवारी दाखल करा, काढून टाकू, असे सांगितले. ही नक्की कसली गाठ आहे, असे मी विचारले तेव्हा "गाठ आहे, काढली की संपला विषय," हे उत्तर आले. एक्स-रे काढलेला नव्हता, सोनोग्राफी सुचवलेली नव्हती, मुलीला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. मात्र खाली मेडिक्लेमच्या खिडकीवर आमची कागदपत्रे मागितली गेली आणि खर्चाच्या अंदाजाचा छापील कागद हातात आला. शस्त्रक्रिया मुळातच चुकीची ठरली असती असे मला म्हणायचे नाही, काही मुलांना ती लागतेही. पण आत काय आहे हे न पाहता ते कापून काढण्याची तारीख ठरवणे मला कामाच्या ठिकाणीही चालत नाही, आणि इथे तर आठ वर्षांच्या मुलीला पूर्ण भूल द्यायची होती. आम्ही कागदपत्रे दिली नाहीत.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने पंडित कॉलनीतल्या, हाताच्या विकारांवर काम करणाऱ्या एका अस्थिरोगतज्ज्ञ बाईंचे नाव सुचवले. त्यांच्याकडे बराच वेळ बसावे लागले, पण नंबर आल्यावर त्यांनी तो वेळ भरून काढला. त्यांनी शाल्मलीलाच खुर्चीवर बसवले, आम्हाला मागे उभे केले आणि सगळे प्रश्न आधी तिला विचारले: कोणता हात लिहायचा, कशाने दुखते, मल्लखांबावर काय काय येते. मग तिला मूठ मिटायला, बोटे एकेक करून उचलायला, मनगट वर आणि खाली वळवायला लावले. बोटे हलवताना गाठ त्यांच्याबरोबर सरकते का, हे त्या बोटाच्या टोकाने अजमावत होत्या, कारण टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर आलेली गाठ बोटाबरोबर पुढे-मागे होते आणि सांध्यातून आलेली गाठ जागेवरच राहते. आमची गाठ जागेवर राहिली. गाठीत ठोके लागत नाहीत ना, हेही त्यांनी बोट ठेवून पाहिले. रक्तवाहिन्यांच्या गाठी मुलांमध्ये असतात आणि त्यांच्यात नको तिथे सुई गेली तर पंचाईत होते.

मग त्यांनी खोलीतला दिवा बंद करायला लावला आणि पेनाच्या आकाराचा छोटा टॉर्च गाठीला बाजूने टेकवला. ती गाठ आतून उजळली. नखाएवढा लालसर, नितळ उजेड मुलीच्या मनगटावर दिसला आणि कडेची कातडी मात्र काळीच राहिली. शाल्मलीने "परत करा ना!" असा हट्ट धरला आणि डॉक्टरांनी तो पुरवलाही. आत घन मांस असते तर प्रकाश असा आरपार गेला नसता. पाण्यासारखे काही असेल तरच तो जातो, असे त्यांनी आम्हाला सांगितले. पण टॉर्चवर सगळे ठरवायचे नसते, हेही त्यांनी लगेच जोडले, आणि एक्स-रे व सोनोग्राफी लिहून दिली. प्रत्येक तपासणी कशासाठी, हे त्यांनी न विचारता सांगितले. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळून हाडाचाच कोंब बाहेर येतो आणि हाताला तो कठीण गाठीसारखा लागतो. तो एक्स-रेमध्ये दिसतो, जुने फ्रॅक्चरही दिसते. याउलट लाकडाचा किंवा काट्याचा तुकडा एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही, तो सोनोग्राफीत दिसतो. सासूबाईंचा बाभळीचा काटा मी भीतभीतच सांगितला होता, पण डॉक्टरांनी तो गंभीरपणे कागदावर टिपून घेतला. मोडलेल्या काट्याभोवती शरीर महिनोन्महिने गाठ धरून बसू शकते, हे मला तेव्हा कळले.

एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली तेव्हा मला दरदरून घाम फुटला, कारण मनगटाच्या वर, हाताच्या जाड हाडाच्या टोकाशी एक सरळ काळी रेघ आरपार गेलेली दिसत होती. मला ते हाड मोडल्यासारखेच वाटले. डॉक्टर हसल्या नाहीत, त्यांनी पेनाच्या टोकाने ती रेघ दाखवली आणि ही हाडाची वाढ होण्याची जागा आहे, इथे अजून कूर्चा आहे आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून ती फट भासते, असे समजावले. मनगटात मोठ्या माणसाला आठ छोटी हाडे असतात. शाल्मलीच्या फिल्ममध्ये सातच दिसत होती. आठवे, करंगळीच्या बाजूचे, साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान उमटते. त्यामुळे मुलांचा एक्स-रे वाचताना वय माहीत असणे किती महत्त्वाचे असते ते लक्षात आले. बाकी हाडे स्वच्छ होती. हाडाचा कोंब नव्हता, जुने फ्रॅक्चर नव्हते आणि मुडदुसात हाडांची टोके जशी पसरट व उसवलेली दिसतात तशीही ती नव्हती.

सोनोग्राफी केंद्रात, कायद्यानुसार प्रत्येक ठिकाणी असतो तसा, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही असा फलक होता, आणि पोटुशा बायकांच्या रांगेत आमची मुलगी हात पुढे धरून बसली होती. एका आजींनी तिला "तुझं काय गं बाई?" असे विचारल्यावर तिने मनगट वाकवून आपली गाठ दाखवली आणि सगळ्या रांगेने ती पाहिली. आत थंडगार जेल लावल्यावर ती दचकली, पण पडद्यावर स्वतःच्या हाताचा आतला भाग हलताना पाहून विसरूनही गेली. रेडिऑलॉजिस्टनी मूठ उघड-मीट करायला लावली तेव्हा टेंडनच्या रेघा पडद्यावर सरकत होत्या आणि त्यांच्या खाली एक काळा, गोलसर, कडा स्पष्ट असलेला आकार जागचा हलत नव्हता. काळे म्हणजे द्रव, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी प्रोब किंचित तिरका केला आणि त्या आकारापासून खाली सांध्याकडे जाणारा बारीक काळा देठ दाखवला. मला सगळ्यांत जास्त धीर कशाने आला असेल तर त्या देठाने. कारण तो दिसल्यावर ही गोष्ट कुठून आली आहे याबद्दल अंदाज बांधण्याची गरज उरली नव्हती. रंगीत डॉपलर लावल्यावर गाठीच्या आत रक्ताचा प्रवाह दिसला नाही, आणि काटाही कुठे सापडला नाही. अहवालात मनगटाच्या वरच्या बाजूचे गँग्लिअन सिस्ट, स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन हाडांमधल्या सांध्याशी जोडलेले, आकार 11 बाय 6 मिलिमीटर, असे लिहून आले.

अहवाल पाहून डॉक्टरांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो. सांध्याभोवती एक आवरण असते आणि आत वंगणासारखा द्रव असतो. त्या आवरणाच्या कमकुवत जागेतून एक छोटी पिशवी बाहेर फुगते, तिच्यात तो द्रव साठतो आणि घट्ट, पारदर्शक, चिकट होत जातो. तो दाबाखाली असल्याने गाठ हाताला हाडासारखी टणक लागते. हा कर्करोग नाही आणि पुढे जाऊन त्याचा कर्करोग होतही नाही. मनगटावरच्या आणि हातावरच्या मऊ ऊतींच्या गाठींमध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि त्यातही मनगटाच्या वरची हीच जागा सर्वांत नेहमीची आहे. मोठ्या माणसांच्या मानाने मुलांमध्ये तो कमी दिसतो. तो का होतो याचे एकच एक कारण सांगता येत नाही. मनगट मागे वाकवून त्यावर वारंवार भार घेणाऱ्या मुलामुलींमध्ये, उदाहरणार्थ जिम्नॅस्टिक्स करणाऱ्यांमध्ये, मनगटाच्या तक्रारी जास्त दिसतात, पण मल्लखांबामुळेच ही गाठ झाली असे म्हणता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या एका वाक्याने आमच्या घरातले एक भांडण मिटले.

उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी त्यांनी एकेक करून समोर ठेवल्या. सुईने द्रव काढता येतो, पण पिशवी आणि देठ आतच राहत असल्याने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा गाठ पुन्हा भरते. शिवाय मुलीला हात स्थिर ठेवून सुई टोचून घ्यायला लावणे हेही सोपे नाही. तळहाताच्या बाजूची गाठ असेल तर ती नाडीच्या धमनीला चिकटून असू शकते, म्हणून तिथे सुई घालताना जास्तच जपावे लागते. शस्त्रक्रियेत देठासकट पिशवी आणि आवरणाचा छोटा भाग काढतात. त्यानंतर गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण सुईपेक्षा कमी असते, पण शून्य नसते, आणि भूल, व्रण, काही काळ मनगट आखडणे हे सगळे त्यासोबत येते. पूर्वी जाड पुस्तक आपटून गाठ फोडत, तसे करू नका, कोणाला दाबूनही देऊ नका, कारण त्यात इजा होते आणि पिशवी पुन्हा भरते ती भरतेच, हे त्यांनी माझ्या आईकडे पाहून सांगितले. पंचवटीच्या हाडवैद्यांचा विषय आईने वाटेतच सोडून दिला. राहिला शेवटचा मार्ग, आणि तो म्हणजे काहीही न करता थांबणे. मोठ्यांच्या मानाने लहान मुलांमध्ये या गाठी आपोआप जिरण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, विशेषतः दहा वर्षांखालील मुलांमध्ये, आणि बहुतेकींना वर्षभराचा काळ द्यावा लागतो. दुखत नसेल, हात चालत असेल आणि निदानाबद्दल शंका नसेल तर त्या स्वतः थांबणेच पसंत करतात, असे डॉक्टर म्हणाल्या.

"थांबा" हा सल्ला बालरोगतज्ज्ञांनीही दिला होता आणि तो तेव्हा पत्नीला अपुरा वाटला होता. आता तोच सल्ला आम्हा दोघांनाही पटला, कारण त्याच्या मागे फिल्म होती, पडद्यावरचा देठ होता आणि थांबायचे म्हणजे काय करायचे हेही ठरवून दिलेले होते. "लक्ष ठेवा" एवढेच सांगून माणसाला घरी पाठवले की तो एकतर दर तासाला गाठ दाबून पाहतो किंवा महिन्याभरात विसरून जातो. आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले: गाठ भराभर वाढू लागली, कातडी लाल किंवा गरम झाली, ताप आला, रात्री दुखण्याने मुलगी उठू लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड कमी झाली, गाठ आजूबाजूला चिकटल्यासारखी कडक लागू लागली किंवा दुसरीकडे नवी गाठ दिसली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यायचे. यांपैकी काही नसेल तर तीन महिन्यांनी. दुखले तर काही दिवस मनगटावरचा भार कमी करायचा. घट्ट पट्टा सतत बांधून ठेवायचा नाही.

मोजण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. कारखान्यात हातात कायम व्हर्निअर, म्हणजे वस्तू चिमट्यात धरून बारीक माप घेण्याचे साधन, असतो, पण गाठीवर तो चालत नाही, कारण त्याचे जबडे मऊ भागाला दाबतात आणि रिडिंग खोटे येते. शिवाय मनगट थोडे जास्त वाकले तरी गाठ मोठी दिसते. म्हणून रविवारी सकाळी, मुलगी उठल्यावर, टॉवेलची गुंडाळी टेबलाच्या कडेला ठेवून तिच्यावर मनगट टेकवायचे, हात आपल्या वजनाने खाली सोडायचा, गाठीच्या कडांना बॉलपेनाने बारीक खुणा करायच्या आणि त्या खुणांमधले अंतर स्टीलच्या पट्टीने घ्यायचे, अशी पद्धत मी ठरवली. पट्टी शेजारी ठेवून फोटोही काढायचा. वहीत तारीख, लांबी, रुंदी आणि दुखणे असे रकाने आखले, आणि शेवटचा रकाना त्या आठवड्यात हाताने काय विशेष केले, याचा. मधल्या दिवसांत गाठीला हात लावायचा नाही हा नियम मुलीने नव्हे, तर आम्हीच वारंवार मोडला असता, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

शाल्मलीला या सगळ्यात शाळेची वेगळीच अडचण होती. वर्गातल्या एका मुलीने ही गाठ लागट असते असे सांगितल्याने तिच्या बाकावरची मैत्रीण हात धरेनाशी झाली. पत्नीने वर्गशिक्षिकांना भेटून ही गाठ एकाची दुसऱ्याला होत नाही हे सांगितले, बाईंनी ते वर्गात सहज बोलता बोलता सांगितले आणि प्रकरण मिटले. तालमीतले सर समजूतदार निघाले. मल्लखांब बंद करायची गरज नाही, पण मनगट मागे मोडून त्यावर अंगाचा भार येईल असे प्रकार दुखत असताना टाळा, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. सरांनी जोर, कमान आणि हातांवर उभे राहणे तेवढे बाजूला काढले आणि दोरीवरची कामे, जिथे पकड असते पण मनगट मागे मोडत नाही, ती चालू ठेवली. माझ्या मते मुलीचे मन स्थिर राहण्यात याचा मोठा वाटा होता. खेळ पूर्ण बंद केला असता तर ती गाठीला आजार समजू लागली असती.

वहीतल्या शेवटच्या रकान्याचा उपयोग गणपतीत झाला. शाळेच्या मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव सुरू होता, आणि नाशिकमध्ये गणपतीचा सराव म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. त्या काळातल्या एका रविवारी गाठ 15 मिलिमीटर भरली आणि मनगट सरळ असतानाही दिसू लागली. लेझीम झाल्यावर दुखते, असेही ती म्हणाली. भराभर वाढ हे कागदावरचे पहिलेच कारण असल्याने आम्ही तारखेची वाट न पाहता गेलो. डॉक्टरांनी पुन्हा सगळे तपासले, टॉर्च लावला, गाठ पूर्वीसारखीच उजळली आणि कडा मोकळ्याच होत्या. वही चाळून त्यांनी लेझीमच्या नोंदीवर बोट ठेवले. या गाठी कामाने फुगतात आणि विश्रांतीने ओसरतात, आकाराची ही चढउतार द्रवाच्या गाठीलाच शोभते, असे त्या म्हणाल्या. लेझीम थांबवली. मुलीने मिरवणुकीत झांजा वाजवण्याचा हट्ट धरला, त्यावर पुन्हा चर्चा झाली आणि शेवटी ती ध्वज घेऊन पुढे चालली. घटस्थापनेपर्यंत माप पुन्हा 11 वर आले.

दिवाळीनंतर आकडे हळूहळू उतरत गेले. सरळ उतरले असे नाही, एखाद्या रविवारी एक मिलिमीटर जास्तही भरे आणि पत्नीचा चेहरा उतरे. संक्रांतीच्या सुमारास गाठ मनगट वाकवल्यावरही जेमतेम दिसत होती, बोटाला मात्र लागत होती. त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी सोनोग्राफी पुन्हा सुचवली नाही. हात सर्व दिशांना पूर्ण वळतो आहे, पकड दोन्हीकडे सारखी आहे, दुखणे नाही, मग प्रतिमा पाहून निर्णय बदलणार नसेल तर खर्च कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. शस्त्रक्रियेचा विचार कधी करायचा, हे मी मुद्दाम विचारून घेतले. गाठ सतत दुखू लागली, लिहिण्यात किंवा खेळण्यात अडथळा येऊ लागला, किंवा निदानाबद्दलच नवी शंका आली तर. केवळ ती आहे म्हणून नव्हे. जिरलेली गाठ काही वर्षांनी पुन्हा येऊ शकते, आणि आली तर हाच क्रम पुन्हा, हेही त्यांनी सांगितले.

सध्या वहीत शेवटची नोंद 5 मिलिमीटरची आहे. मोजणी आता महिन्यातून एकदाच करायची, असे ठरले आहे. सरांसाठी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असून जोर पुन्हा सुरू झाले आहेत, आधी मुठींवर, मनगट सरळ ठेवून, आणि त्रास झाला नाही तर परीक्षा संपल्यावर तळहातांवर. आई तेल अजूनही रोज लावते, मात्र मनगटाच्या त्या जागेला वळसा घालून.